घोड्याच्या घरातले प्यादे

शेषरावांच्या घरी बुद्धिबळाचा नवा प्रोग्राम आला की त्याची परीक्षा होते आणि त्या परीक्षेला मी हजर असतो, हा आमचा निवृत्तीनंतरचा परिपाठ आहे. शेषराव बुलढाण्याच्या न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मी त्याच न्यायालयात हयातभर वकिली केली. ते कमी बोलतात आणि मला मुद्दा अर्धवट सोडवत नाही, म्हणून आमचे जमते.

परीक्षेची रीत शेषरावांनी स्वतः घालून दिलेली आहे. बुद्धिबळाच्या इतिहासातल्या काही अवघड स्थिती त्यांनी निवडून ठेवल्या आहेत. प्रत्येक स्थितीत एक बळी दडलेला असतो: कुठे हत्ती, कुठे उंट, कुठे खुद्द वजीर. प्रथमदर्शनी तो बळी शुद्ध वेडेपणा वाटतो. पुढे तीनचार चाली गेल्यावर त्याचे मर्म उघड होते. अशी एकेक स्थिती प्रोग्रामपुढे मांडायची, स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी कोकिळावहिनींनी चहाचे आधण ठेवल्यापासून चहा गाळेपर्यंत त्याला मुदत द्यायची, आणि बळीची ती चाल त्याला सापडते का ते पाहायचे. सापडली तर पास, नाही तर नापास. पहिल्या काळातले प्रोग्राम बिचारे बहुतेक स्थितींत नापास होत. पुढे ते सुधारत गेले. अलीकडे तर आधणाला बुडबुडे येण्याआधीच उत्तर पडद्यावर आलेले असते.

एक स्थिती मात्र अशी होती की तिच्यात आजवर एकही प्रोग्राम पास झाला नव्हता. ती कोणत्याही परदेशी पुस्तकातली नव्हती. ती साखरखेर्ड्याच्या उकंडरावांची होती, आणि तिच्यात समोर बसलेला हरलेला खेळाडू म्हणजे स्वतः शेषराव.

ही हकीकत आमच्या जिल्ह्यात जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. आम्ही सारे पंचविशीच्या आतबाहेर असताना बुलढाण्यात प्रथमच आंतरराष्ट्रीय नियमांनी स्पर्धा भरली. जिंकणारा नागपूरला जाणार होता. शेषराव त्या वेळी जिल्ह्यातले सर्वांत बळकट खेळाडू समजले जात. उकंडराव म्हणजे भाजीपाला पिकवणारा, आठवडी बाजार उरकून पारावर डाव मांडणारा गडी. अखेरच्या डावात उकंडरावांनी आपला वजीर सरळ शेषरावांच्या हत्तीच्या तोंडी दिला. हत्तीने तो घेतला, आणि घेताना ज्या ओळीवर तो पहारा देत होता ती ओळ मोकळी झाली. मग उकंडरावांनी आपला हत्ती त्या ओळीत आणून ठेवला. शह नाही, काही नाही. नुसती शांत चाल. पण पुढच्या चालीला हत्ती आणि घोडा मिळून कोपऱ्यातल्या राजावर मात करणार, हे सगळ्या दालनाला दिसले. शेषरावांनी बराच वेळ पटाकडे पाहिले, उकंडरावांचा हात हातात घेतला आणि ते उठले. त्या दिवसानंतर ते कुणाशीही एक डाव खेळले नाहीत.

मी हे शब्दशः सांगतो आहे. त्यांनी बुद्धिबळ सोडले नाही, खेळणे सोडले. ते डाव वाचत, इतरांच्या चालींवर विचार करीत, मुलांना नियम शिकवीत. पण समोर माणूस बसवून मोहऱ्याला हात लावीत नसत. ज्याला असा बळी आधी दिसत नाही त्याने पटावर बसू नये, असे ते म्हणत. मी त्यावर पुष्कळ वाद घातला होता. एका पराभवाने माणूस खेळाला नालायक ठरत असेल तर एका हरलेल्या खटल्यानंतर मीही काळा कोट उतरवायला हवा होता, असे मी म्हणे. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे: तो साधा पराभव नव्हता, जगातल्या एकाही यंत्राला जे अजून दिसत नाही, त्यापुढे मी हरलो आहे. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एक शांत समाधान येई. त्या समाधानावर त्यांचे सगळे आयुष्य उभे होते, हे मला ठाऊक होते. म्हणून वाद मी नेहमी तिथेच थांबवीत असे.

परवाच्या शनिवारी मी तो थांबवला नाही.

निमित्त असे की रविवारी साखरखेर्ड्याला उकंडरावांचा सत्कार ठरला होता आणि प्रमुख वक्ते म्हणून शेषरावांना बोलावले होते. भाषणात सांगण्यासाठी त्यांना ताजा दाखला हवा होता. त्यांची मुलगी सुचिता शेगावला महाविद्यालयात संगणक शिकवते. ती सध्याचा सर्वांत बलवान समजला जाणारा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये घालून घेऊन आली होती. दुपारी परीक्षा झाली. सगळ्या स्थिती त्याने लीलया सोडवल्या. शेवटी उकंडरावांची स्थिती मांडली. कोकिळावहिनींनी आधण ठेवले, चहा उकळला, गाळून कपांत आला, आणि तोवर प्रोग्राम एकच साधी, बचावाची चाल दाखवत राहिला. वजीर द्यायला तो काही तयार झाला नाही.

“नापास,” शेषराव म्हणाले आणि त्यांनी समाधानाने कप उचलला.

मी सहज, खरोखर सहज, विचारले की ह्या प्रश्नाचे जे उत्तर आपण बरोबर धरून चाललो आहोत ते बरोबर आहे असे ठरवले कोणी. शेषराव हसले. मात झाली की अपील नसते, असे ते म्हणाले.

“मात झाली नव्हती,” मी म्हणालो. “तुम्ही डाव सोडलात. कबुली निराळी आणि पुरावा निराळा. ह्या प्रकरणात उलटतपासणी कधी झालेलीच नाही.”

खरे म्हणजे मला केवळ युक्तिवादाचा आनंद हवा होता. शेषराव किंचित चिडले. इतक्या वर्षांत त्यांनी प्रोग्रामला फक्त एवढेच विचारले होते की बळी दिसतो का. बळी दिल्यानंतर काळ्याने, म्हणजे त्या डावातल्या त्यांच्या स्वतःच्या बाजूने, काय करावे हे कधी विचारले नव्हते, कारण जिथे सगळे संपले तिथे विचारायचे काय, असे ते समजत. माझे तोंड बंद करण्यासाठीच त्यांनी सुचिताला सांगितले की वजीर दे, हत्तीने घे, ती शांत चाल कर आणि आता काळ्याच्या बाजूने ह्याला खेळू दे. वकीलसाहेबांचे समाधान होऊ दे.

सुचिताने तसे केले. प्रोग्रामने क्षणभरही विचार केला नाही. काळ्याचे एक प्यादे, जे पटाच्या अगदी खालच्या टोकाला, शेवटच्या घराच्या अलीकडे येऊन कधीचे थांबले होते, ते एक घर पुढे सरकले आणि त्याच्या जागी पडद्यावर काळा वजीर उभा राहिला.

शेषरावांनी चष्मा पुसला. मग ते अगदी सौम्यपणे, मुलीची चूक दाखवावी तसे म्हणाले, “हे चुकलं, सुचिता. प्यादं घोड्याच्या घरात गेलं. ते वजीर कसं होईल?”

सुचिताने आधी माझ्याकडे पाहिले, मग वडिलांकडे. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी भीती म्हणेन. वयस्क माणसाच्या तोंडून एकाएकी विसंगत वाक्य आले की घरची माणसे जशी पाहतात, तशी ती पाहत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “प्यादं कोणत्याही घरात पोचलं तरी वजीर होते. हे तर तुम्हीच मले शिकवलं.”

इथे मला थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्या भागात बुद्धिबळ जुन्या देशी पद्धतीने खेळले जाई. तिच्यात प्यादे पलीकडच्या टोकाला पोचले की ते ज्या मोहऱ्याचे घर असेल तेच मोहरे होते. हत्तीच्या घरात गेले तर हत्ती, घोड्याच्या घरात गेले तर घोडा. वजीर हवा असेल तर प्यादे वजिराच्याच पट्टीतून न्यावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांत अशी अट नाही. शेषरावांना हे ठाऊक नव्हते काय? उत्तम ठाऊक होते. त्यांनी शेकडो मुलांना ते शिकवले होते. इतर कोणत्याही स्थितीत त्यांनी ते क्षणात ओळखले असते. पण हा एक डाव त्यांनी ज्या डोळ्यांनी पाहिला होता ते डोळे लहानपणी पारावर तयार झालेले होते, आणि पुढे ज्ञान कितीही वाढले तरी ह्या एका डावाकडे ते त्याच डोळ्यांनी पाहत राहिले होते. ते प्यादे त्यांना दिसत नव्हते असे नाही. ते त्यांना घोडा म्हणून दिसत होते, आणि तिथला घोडा कोणत्याच उपयोगाचा नव्हता.

वजिराची गोष्ट वेगळी होती. त्या घरातून तिरपी रेषा थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मात व्हायची होती नेमक्या त्याच घरावर जात होती. मध्ये एकही मोहरे नव्हते. उकंडरावांच्या हत्तीने तिथे पाऊल टाकले की नवा वजीर त्याला खाणार. काळ्याकडे आता दोन वजीर होते आणि उकंडरावांकडे एकही नव्हता. आणि त्या दिवशी दालनात शे-दीडशे माणसे उभी होती, त्यांत मी होतो, आणि आम्हां एकालाही हे दिसले नाही. आम्ही सगळे त्याच पारांवरून आलो होतो.

शेषराव पांढऱ्याच्या चाली सुचवू लागले. ही करून पाहा, ती करून पाहा. सुचिता करीत गेली आणि प्रोग्राम निर्विकारपणे उत्तरे देत गेला. प्रत्येक वाट काळ्याच्या विजयाकडे जात होती. हळूहळू सुचवणे थांबले. त्यांच्या हातातला कप तिरपा होऊन चहा धोतरावर सांडत होता आणि त्यांना ते कळत नव्हते; कोकिळावहिनींनी पुढे होऊन कप काढून घेतला.

“म्हणजे ते सगळे बरोबर होते,” ते म्हणाले. “मी ज्यांना नापास केलं, ते सगळे.”

मी काहीतरी समजुतीचे बोललो असेन. काय ते आता स्मरत नाही आणि त्याला अर्थही नव्हता. ह्या वेळी बोलली ती सुचिता, तेही फार हळू. तिने विचारले की मी लहानपणी रोज पट मांडून बसायची तेव्हा तुम्ही एकदाही माझ्याशी का खेळला नाहीत, ते ह्या डावामुळेच ना. शेषरावांनी मान हलवली. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

रविवारी सकाळी आम्ही सुचिताच्या गाडीतून निघालो. चिखली मागे पडली. मग मी, कालचा अपराधी, माझी बाजू बदलून मांडू लागलो. डाव सोडला की निकाल लागला. पटावरची स्थिती काय होती ह्याला नंतर किंमत नसते. तेव्हा नियमाने उकंडरावच विजयी आहेत आणि आज त्यांना काही सांगण्याचे कारण नाही. ह्या वयात त्यांच्यापाशी मानाची तेवढीच एक गोष्ट आहे, असेही मी म्हणालो. शेषरावांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की माईकपुढे उभे राहून मी आज काय बोलू. यंत्राला दिसत नाही ते उकंडरावांना दिसले, हे वाक्य मी आता कसे उच्चारू.

उकंडरावांचे घर बाजारपेठेच्या मागे आहे. सत्काराचा मंडप पलीकडच्या शाळेच्या पटांगणात पडला होता आणि ध्वनिक्षेपकाची खरखर घरापर्यंत येत होती. उकंडराव नवा सदरा घालून, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून ओट्यावर बसले होते. शेषरावांना पाहताच त्यांनी हाक मारली, “आला का तू, मले हरवाले?” दर भेटीत ते हीच थट्टा करतात आणि दर भेटीत शेषराव हसतात. ह्या वेळी ते हसले नाहीत. पट आण, एवढेच म्हणाले.

उकंडरावांच्या पत्नी रुख्मिणीबाईंनी आतून पट आणून दिला. दोघांनाही स्थिती पाठ होती. मोहरी मांडायला काही वेळ लागला नाही. उकंडरावांनी उत्साहाने वजीर दिला, शेषरावांनी हत्तीने तो घेतला, उकंडरावांनी आपली ती शांत चाल केली आणि डाव जिंकल्यासारखे हात मागे टेकून बसले. शेषरावांनी प्यादे उचलून शेवटच्या घरात ठेवले.

उकंडरावांनी त्याकडे पाहिले. मग मेलेल्या मोहऱ्यांतून काळा घोडा शोधून काढला आणि प्यादे बाजूला करून त्या घरात उभा केला. “घे,” ते म्हणाले. “झाला घोडा. मंग काय करतं?”

सुचिताने तोंडावर हात ठेवला. मी त्या घोड्याकडे पाहत राहिलो. आदल्या दिवशी मी आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांचा विचार केला होता, उकंडरावांच्या नव्हे. आता कळले की ज्या आंधळेपणाने एकाला हरवले त्यानेच दुसऱ्याला जिंकवले होते.

शेषरावांनी घोडा उचलला आणि पालथी पडलेली चुन्याची एक डबी हाताशी होती ती त्या घरात ठेवली, कारण दुसरा काळा वजीर पटात नव्हता. “घोडा नाही, उकंडराव. तो डाव नव्या नियमाचा होता. हा वजीर आहे.”

उकंडराव पुढे वाकले. त्यांची नजर त्या डबीवरून तिरपी सरकत सरकत मातेच्या घरापर्यंत गेली, तिथे थांबली, परत डबीपर्यंत आली. असे किती वेळा झाले मी मोजले नाही. त्यांनी आपल्या हत्तीला बोट लावले आणि काढून घेतले. शेवटी मान वर केली तेव्हा त्यांच्या आवाजात राग होता; मला वाटला तसा पराभवाचा नव्हे, तर फसवणूक झालेल्या माणसाचा.

“मंग तू काऊन उठला बे?”

“मले घोडाच दिसला,” शेषराव म्हणाले.

पटांगणातून कुणीतरी माईकवर एक, दोन, तीन म्हणत होते.

“मलेही,” उकंडराव म्हणाले.

मी माझा मुद्दा मांडला: नियमाप्रमाणे निकाल कायम आहे, सत्काराला बाध येत नाही, आणि ज्या क्षणी खेळाडू डाव सोडतो त्या क्षणी...

“वकीलसाहेब,” उकंडराव पटावरची नजर न काढता म्हणाले, “तुमचं कोर्ट बुलढाण्याले हाये.”

उकंडराव शेषरावांना सांगू लागले की त्या डावाच्या जोरावर मी नागपूरला गेलो, पहिल्याच फेरीत मार खाऊन आलो, आणि तरी गावाने मला आजवर डोक्यावर घेतले. पण तू तिकडे गेला असतास तर काय झाले असते, हे मला कधी सुचले नाही. तू खेळत नाहीस हे मला दुसऱ्यांकडून कळत होते आणि मला वाटे, हा गर्व आहे, हरलेले पचत नाही ह्याला. हे सांगताना त्यांचा आवाज खाली खाली जात गेला. मग त्यांनी विचारले की इतक्या वर्षांत कुणाशीच नाही खेळलास? शेषराव नाही म्हणाले. पोरीशीही नाही? शेषरावांनी सुचिताकडे पाहिले आणि पुन्हा नाही म्हणाले.

इतक्यात उकंडरावांचा पुतण्या गोपाल हातात हार घेऊनच आला. मंडप भरला आहे, पाहुण्यांना घेऊन चला, असा निरोप त्याने दिला. रुख्मिणीबाई दारात येऊन म्हणाल्या की लोक बसून राह्यले, उठा आता.

शेषराव उठायला लागले. मी त्यांना ओळखतो. ते त्याच पद्धतीने उठत होते, ज्या पद्धतीने त्या दिवशी उठले होते. उकंडरावांनी पटावरून हात पुढे करून त्यांचे मनगट धरले आणि त्यांना खाली बसवले.

“बसू दे लोकाईले. डाव चालू हाये.”

मग ते खूप वेळ विचार करीत राहिले. हरलेली स्थिती होती. यंत्राने ती आदल्या दिवशी आमच्यापुढे सोलून दाखवली होती, आणि ते न पाहताही उकंडरावांना ते कळले होते असे मला वाटते. तरी ते एखाद्या तरण्या खेळाडूसारखे पटावर ओणवे झाले होते. गोपाल हार घेऊन तसाच उभा राहिला. अखेर त्यांनी हत्ती मागे घेतला आणि राजाला आडोसा म्हणून लावला. चांगली चाल होती. हरणाऱ्या माणसाला जेवढी चांगली चाल शिल्लक असते तेवढी ती होती.

“आता चाल तुही हाये,” ते म्हणाले.

शेषरावांचा उजवा हात मांडीवर होता. तो तिथेच राहिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. कालच्या दुपारपासून तिथे जो गोठलेला धक्का होता तो तसाच होता, आणि मला वाटले आता हा हात उठणार नाही. सुचिता त्यांच्या मागे येऊन बसली होती. तिला पुढची चाल ठाऊक होती, मलाही होती. आदल्या दिवशी पडद्यावर आम्ही ती पाहिली होती. तिने ती सांगितली नाही.

शेषरावांनी हात उचलला आणि यंत्राने दाखवली होती तिच्याहून अगदी वेगळी, स्वतःची चाल केली.